पाय चेपणाऱ्यांचा वॉर्ड

अण्णांचा आकडा एकसष्टवर उतरला तेव्हा माझा भाऊ सुकुमार हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या टपरीवर उभा होता. आपल्या संघाचा चांगला गडी बाद झाल्यावर माणसं करतात तसं तोंड करून त्याने फोन माझ्यापुढे धरला.

"उतरला बघ, आक्का. काल अडुसष्ट होता."

टपरीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात असाच एक फोन होता आणि त्यावर असाच एक आकडा होता. कुणाचा सत्तर, कुणाचा पंचावन्न. एकमेकांचे आकडे विचारून माणसं चहा पीत होती. एक गृहस्थ आपल्या आईचा आकडा त्र्याऐंशी आहे हे तिसऱ्यांदा सांगत होते, आणि ज्यांच्या माणसाचा आकडा चाळिशीत होता ते बिचारे लांब जाऊन उभे राहिले होते. मला त्या सगळ्याचीच शिसारी आली. मी चहा न पिता कप खाली ठेवला.

मिरजेतल्या त्या हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. त्यांची जाहिरात आधीच पुष्कळ झाली आहे.

करोनाच्या पहिल्या लाटा आल्या तेव्हा मी पाटबंधारे खात्यात नवीन अभियंता होते. आता निवृत्तीचा विचार करायचं वय झालं, आणि विषाणू नवं रूप घेऊन पुन्हा दारात उभा राहिला. त्या पहिल्या लाटांत बहुतेकांना एवढंच ठाऊक होतं की हा आजार फुप्फुसांचा. पण हा विषाणू रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही खरवडून काढतो. अस्तर खरवडलं की रक्ताला वाटतं कुठेतरी जखम झाली, आणि ते गोठायला लागतं. खाटेवर पडून असलेल्या माणसाच्या पायातल्या खोल शिरेत रक्त तसंही मंद वाहतं, तिथे गुठळी धरते. ती शिरेला चिकटून राहिली तर निभावतं. सुटली तर रक्ताबरोबर वर जाते, हृदयातून फुप्फुसात शिरते आणि तिथली वाट बंद करते. ताप उतरलेला, घरी जायच्या गोष्टी करणारा माणूस बोलता बोलता जातो.

गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध देतात. पण ते जास्त झालं तर मेंदूत नाहीतर पोटात रक्तस्राव होतो. कमी दिलं तर गुठळी, जास्त दिलं तर रक्तस्राव. मधली वाट प्रत्येक माणसाची वेगळी, आणि एकाच माणसाची सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. पूर्वीच्या लाटांत डॉक्टर अंदाजाने द्यायचे. या वेळी पट्टा आला.

हा पट्टा गुडघ्याच्या जरा वर बांधतात. त्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मांडीतल्या मोठ्या शिरेवर सोडल्या जातात आणि त्या परत येतात त्यावरून शिरेतून रक्त किती वेगाने वर चाललंय हे क्षणोक्षणी कळतं. नाडीही त्यावरच मोजली जाते. रक्त मंद झालं की पट्ट्याला जोडलेला पंप औषध वाढवतो, वेगाने वाहू लागलं की कमी करतो. कालव्याला पाणी किती आहे ते बघून दार वरखाली करावं, तसलंच हे काम. माझा सगळा जन्म त्या दारांपाशी गेला असल्यामुळे मला हे यंत्र मनापासून आवडलं होतं. जिथे होतं तिथे मृत्यू निम्म्यावर आले होते.

पण पट्टा करणाऱ्यांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली. शिरेतला वेग आणि नाडी यांवरून यंत्र एक आकडा काढायचं, हा रोगी जिवंत घरी जाईल याची शंभरात किती शक्यता आहे त्याचा. तो मुळात डॉक्टरांसाठी होता. आमच्या हॉस्पिटलने तो नातेवाइकांच्या फोनवर सोडला. आधीच्या लाटांत नातेवाइकांनी काचा फोडल्या होत्या, डॉक्टरांना मारलं होतं. हातात आकडा दिल्यावर ते आकड्याशी भांडायला लागले आणि हॉस्पिटलच्या काचा शाबूत राहिल्या.

अण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. वय अठ्ठ्याहत्तर, दूध संघाचे माजी चेअरमन. पद गेलं पण चेअरमनपणा गेला नाही. अजून घरात कुणी त्यांच्या आधी बोलत नाही. त्यांच्या डाव्या पोटरीत गुठळी असल्याचं दाखल करतानाच दिसलं होतं. पट्टा त्याच पायाला बांधला होता.

नर्सेस पुरेशा नव्हत्या म्हणून प्रत्येक रोग्याजवळ घरचं एक माणूस ठेवायची परवानगी होती, पण नवी लस घेतलेलंच. नवी लस तेव्हा शिक्षकांना आणि आमच्यासारख्या अत्यावश्यक खात्यांतल्या लोकांनाच मिळाली होती. सुकुमारची बायको पद्मजा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून ती आत होती. सुकुमारला लस नाही आणि आत एकाच माणसाला परवानगी, म्हणून आम्ही दोघं बाहेर.

एकसष्टच्या त्या दिवशीच दुपारी आकडा अचानक चढू लागला. पासष्ट, एकोणसत्तर, चौऱ्याहत्तर. सुकुमार माझा दंड धरून उभा होता. मग पद्मजाचा फोन आला.

"आहो, काय नाही, अण्णा म्हणाले पाय दुखतोय. म्हणून घरी दाबतो तसा जरा दाबला. तर आकडा चढाय लागला."

"दाब मग," सुकुमार म्हणाला. "सोडू नको."

संध्याकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. अण्णा मास्क लावून पडलेले, पायाशी पद्मजा, डोळे मिटून दोन्ही हातांनी त्यांची पोटरी चेपते आहे. खाली कौतुकाचा नुसता पूर. सून असावी तर अशी. सेवेचं फळ. हात जोडलेली शंभर चित्रं. दोन दिवसांत वॉर्डातल्या सगळ्यांना ही युक्ती कळली आणि टपरीवरचे सगळे आकडे ऐंशीच्या पुढे गेले. लोक एकमेकांना पेढे देऊ लागले.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक तर मला पाय चेपणं या प्रकाराचीच लहानपणापासून किळस आहे. संध्याकाळची जेवणं उरकली की अण्णा पलंगावर पाय लांब करायचे आणि मी दाबायला बसायचे. जोर कमी पडला तर दुसऱ्या पायाने ढोसायचे, "हातात जीव नाही का?" त्या केसाळ, घामट पोटऱ्या आणि आपण कुणीतरी मोठे आहोत असा तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा. नोकरी लागली त्या दिवशी मी ते बंद केलं. अण्णा ते कधी विसरले नाहीत.

पण ही किळस बाजूला ठेवली तरी गणित सरळ होतं. पोटरी दाबली की तिच्यातलं रक्त वर ढकललं जातं. गुडघ्यावरच्या पट्ट्याला वाटतं, वा, काय सुरेख वाहतंय. आकडा चढतो. आणि तोच पट्टा पंपाला सांगतो, औषध कमी कर. म्हणजे सून जितक्या भक्तीने दाबेल तितकं अण्णांचं औषध तुटणार आणि गुठळी तितकीच वाढणार. वर त्या गुठळीवरच अंगठा देऊन तिला शिरेपासून सोडवणार. आमच्याकडे कालव्यावर कुणी मोजपट्टीजवळचं पाणी हाताने ढवळून कालवा भरलाय असं सांगितलं असतं तर त्याला मी घरी पाठवलं असतं.

पेढे वाटले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी नातेवाइकांची बैठक होती. हॉस्पिटलचे मुख्य डॉक्टर नरगुंदे खालच्या हॉलमध्ये यायचे. इस्त्रीचा कोट, वास मारणारं अत्तर. मी उभी राहिले आणि हे सगळं त्यांना सांगितलं.

"मॅडम, आपल्या वॉर्डाचा सरासरी आकडा या घडीला सगळ्यात वर आहे," ते म्हणाले. "बाहेरून लोक बघायला येणारेत."

"तो खोटा आहे. तुम्हालाही माहीत आहे."

"मशिनचा आकडा खोटा कसा असेल? तरी आम्ही कंपनीला मेल केलाय. उत्तर आलं की बघू."

"तोवर दाबू नका एवढं तरी सांगा लोकांना."

ते हसले आणि माझ्याकडे न बघता हॉलकडे बघत म्हणाले, "मॅडम, आईवडिलांचे पाय दाबणं ही आपली संस्कृती आहे. मी कुणाच्या भावना दुखावणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुकुमारनेही वाजवल्या. मग तो माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुला कधी त्यांच्या पायाला हात लावायला जमलं नाही आक्का, म्हणून दुसऱ्यानं लावलेला बघवंना झालाय."

मी खाली बसले. पण त्या हॉलमधल्या एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं, हे खरं आहे.

पुढचं दोन दिवसांत जुळून आलं. पद्मजाला ताप भरला, तपासणीत ती बाधित निघाली. लस असल्यामुळे तिला फार त्रास झाला नाही, पण तिला वॉर्डाबाहेर यावं लागलं. घरात नवी लस घेतलेली आता मी एकटीच होते. सुकुमारपुढे दुसरा इलाजच नव्हता. तो मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा पद्मजा फोनवर होती.

"आक्का, घोट्याकडनं वर यायचं. पोटरीच्या मधोमध जरा गाठीसारखं लागतंय बघा, तिथं अंगठा द्यायचा. तिथं दिलं की लगेच चढतोय."

ही बाई वाईट नाही, हे मी शपथेवर सांगेन. आजारी सासऱ्याजवळ ढेकूण चावत असतानाही तिने बसून दिवस काढले. आणि रोज त्या गुठळीवर नेमका अंगठा दिला.

वॉर्डात शिरले आणि आधी वास आला. सॅनिटायझर, लघवी आणि खोबरेल तेल. लोकांनी दाबायला सोपं जावं म्हणून तेल आणलं होतं. दोन रांगांत खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी झगा घातलेलं एकेक माणूस बसून पोटऱ्या चेपत होतं. एकही जण रोग्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या माना वर, खाटेवरच्या छोट्या पडद्याकडे. कुणाचा रोगी पाणी मागत होता, कुणाचा मास्क घसरला होता, आणि हात आपले खालीवर चाललेले. तेलकट कातडीचा तो चपक चपक आवाज.

वॉर्डाची डॉक्टर कोवळी होती, तहसीन मुजावर. डोळ्यांखाली काळं झालेलं. मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"तुमचं बरोबर आहे, मॅडम," ती हळू म्हणाली. "भिंतीवर आधी सूचना होती, पट्टा असलेल्या पायाला हात लावू नये म्हणून. ती काढायला लावली मला. पंप हातानं चालवायचीही परवानगी नाही."

"मग काय करायचं?"

"काहीच नाही. म्हणजे, काहीच करू नका. कुणी दाबलं नाही तर मशीन बरोबर काम करतंय. आकडा खाली येईल. बघवणार नाही तुम्हाला. येऊ द्या."

पद्मजा गेल्यापासून पलीकडच्या रांगेतला एक जण अण्णांचीही पोटरी चेपत होता, त्याला उठवून मी खाटेशी बसले. मधल्या दिवसांत त्यांचा चेहरा उतरला होता, पण डोळे जागेवर होते. त्यांनी मला बघितलं, पाय किंचित सरळ केला आणि मास्कच्या आतून म्हणाले, "बस. दाब."

"नाही अण्णा. त्याने तुम्हाला अपाय होतोय." मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पडद्याकडे बोट केलं. ब्याऐंशी.

"हे पद्मजानं केलंय."

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि आकडा उतरू लागला. अठ्ठ्याहत्तर. त्र्याहत्तर. सहासष्ट. कारण मला ठाऊक होतं. हा खरा आकडा, आधीचा खोटा, असं मी स्वतःला बजावत होते, पण आपल्या बापाचा आकडा खाली जाताना खरंखोटं कळेनासं होतं. पंपाचा बारीक आवाज वाढला. औषध सुरू झालं होतं. फोन वाजला.

"आक्का, काय करालीस तिथं?"

"बसलेय."

"आकडा बघ की. दाब."

"नाही दाबणार, सुकुमार."

"मारालीस तू त्यांना," तो रडत होता. "जिवंत बापाला मारालीस."

मी फोन बंद केला. ग्रुपवर काय काय लिहून आलं ते मी नंतर वाचलं. माझ्या लग्न न करण्यापासून माझ्या स्वयंपाकापर्यंत सगळं निघालं होतं.

शेजारच्या खाटेवर अथणीकडचे मल्लाप्पा म्हणून एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, आणि त्यांच्या पायाशी त्यांची बायको गौरव्वा. तिने आमच्या पडद्याकडे बघून काळजीने विचारलं, "काय हो अक्का, तुमचा खाली का चाललाय? हात दुखतात काय? मी दाबू का जरा?"

तिच्याबद्दल मला राग आला नाही. मी तिला समजावलं. रक्त कसं ढकललं जातं, पट्टा कसा फसतो, पोटरीतली गाठ वर गेली तर काय होतं. ती मन लावून ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचे हात थांबले. थांबले तसा मल्लाप्पांचा आकडा नव्वदवरून घसरायला लागला. शहाऐंशी. ऐंशी. तिने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. तिचा फोन वाजायला लागला.

"नको अक्का," ती म्हणाली. "तुमचं खरं असेल. मला बघवत नाही." आणि ती पुन्हा दाबायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात.

तिचे हात मी धरायला हवे होते. मी उठलेही. तेवढ्यात मल्लाप्पा अर्धे उठून बसले, छातीला हात लावला, तोंड उघडलं आणि काहीतरी विचारावं तसं तिच्याकडे बघितलं. ती वर पडद्याकडे बघत होती. ते मागे पडले.

"गौरव्वा, अहो, त्यांच्याकडे बघा," मी म्हणाले आणि डॉक्टरला हाक मारली. तहसीन धावत आली. छातीवर दाब देऊ लागली, नर्सने तोंडावर हवेची पिशवी धरली. बराच वेळ झटल्या. मग तहसीन थांबली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि मान हलवली.

आणि या सगळ्या वेळात गौरव्वाचे हात थांबले नव्हते. दुसरे मॉनिटर सगळे अतिदक्षता विभागात नेले होते, इथे फक्त पट्टा होता. मेलेल्या माणसाच्या पोटरीतलं रक्त ती लयीत वर ढकलत होती, पट्टा त्यालाच वेग समजत होता आणि त्यालाच नाडी समजत होता. पडद्यावर नव्वद होतं. ती पडद्याकडे बोट दाखवून डॉक्टरला सांगत होती, "नव्वद आहे की, बाई. नव्वद आहे." खाली टपरीवर त्यांच्या पोराने तोच नव्वद बघून समाधानाचा श्वास टाकला असेल.

मी तोंडावर हात दाबून उभी होते. आयुष्यात इतकी किळसवाणी गोष्ट मी पाहिलेली नाही, आणि तिच्यात वाईट माणूस म्हणून बोट दाखवावं असं तिथे कुणी नव्हतं. जे होते ते वातानुकूलित खोलीत बसून सरासरी काढत होते.

माझ्या मनगटाला कुणीतरी धरलं. अण्णा होते. ते कुशीवर वळून सगळं बघत होते. मला वाटलं, त्यांना कळलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, बाई, माझ्या पायाला कुणाला हात लावू देऊ नको. मी त्यांच्या तोंडाशी वाकले.

"बघ," ते म्हणाले. "तिनं नव्वदवर ठेवलंय. आणि तू."

दोन हातांवर माणूस मेला होता आणि यांना दिसला तो आकडा. त्यांनी डावा पाय माझ्याकडे सरकवला आणि उजव्याने मला ढोसलं.

"दाब."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, दाबावा. घोट्याकडून वर यावं, गाठ लागते तिथे अंगठा द्यावा आणि त्यांना हवं ते करून टाकावं. सगळं घर खूश होईल. ग्रुपवर माझे फोटो येतील. आज्ञाधारक मुलगी म्हणून मिरवेन, आणि कुणालाही, कधीही, कशाचाही संशय येणार नाही. माझा हात त्यांच्या पोटरीवर गेलासुद्धा. ती गरम होती, सुजलेली होती.

मी चादर ओढून त्यांचा पाय झाकला आणि खुर्ची डोक्याकडे नेऊन बसले.

"तू माझी नव्हेस," ते म्हणाले. मी बरं म्हटलं आणि त्यांचा मास्क नीट केला.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या खुर्चीवरून हलले नाही. आकडा अठ्ठावन्नपर्यंत गेला, तिथे अडखळला आणि मग मुंगीच्या पावलाने चढू लागला. अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तहसीनने गुठळी पुन्हा तपासली तेव्हा ती विरत चालली होती. आजूबाजूच्या खाटा रिकाम्या होत होत्या, भरत होत्या. रिकाम्या होताना बहुतेकांचा आकडा चांगला होता. मी सरकारकडे, कंपनीकडे, सगळीकडे लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं की यंत्राच्या पुढच्या आवृत्तीत या सूचनेचा विचार होईल. सरकारचं अजून यायचं आहे. तहसीनने नोकरी सोडली.

अण्णा चालत घरी आले. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, सुनेनं दाबून दाबून वाचवलं, पोरगी मारायलाच बसली होती. मी चहा आणून देते तेव्हाही सांगतात. पद्मजा मान खाली घालते. ती बरी झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं आहे आणि तिला ते पटलंही असावं, पण ती सासऱ्यांपुढे तोंड उघडत नाही.

हॉस्पिटलने मग मोठा फलक लावला. अण्णा खुर्चीत बसलेले, पायाशी पद्मजा, मागे हसणारे नरगुंदे. वर लिहिलंय, विज्ञानाला सेवेची जोड. आमच्या घरापासून तो जवळच आहे. पुन्हा गुठळी धरू नये म्हणून अण्णांना रोज चालवायचं असतं. बाकी कुणी त्यांना उठा म्हणायला धजत नाही, म्हणून ते काम माझं. ते शिव्या देत चालतात आणि फलकाखाली आले की थांबतात.

काल तिथे जतकडचं एक कुटुंब उभं होतं. म्हातारीला नुकतंच आत नेलं होतं, सून तिच्याजवळ राहायला जायच्या तयारीत होती. ती फलकाकडे टक लावून बघत होती. मी तिच्याजवळ गेले. सांगितलं, पट्टा बांधतील, त्या पायाला अजिबात हात लावू नका, कुणी काहीही म्हणो, आकडा कितीही उतरो. ती घाबरून ऐकत होती. मग तिची नजर फलकावर गेली, तिथून अण्णांवर आली. तिने त्यांना ओळखलं.

"ह्या बाई म्हणतात ते खरं हाय का ओ?" तिने विचारलं.

"तिचं काय ऐकतीस," अण्णा म्हणाले. "मी जिता उभा हाय न्हवं तुझ्यापुढं?"

तिने वाकून त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, नेमकं कुठं दाबायचं. अण्णांनी धोतर वर केलं, पाय पुढे टाकला आणि पोटरीच्या मधोमध बोट ठेवलं. बाई रस्त्यातच खाली बसली आणि जागा नीट ध्यानात राहावी म्हणून तिथे अंगठा देऊन बघू लागली.